हे वाक्य नेमके कुणाचे?

लासलगावच्या बाजार समितीत कांद्याचा भाव पडला की ती बातमी नाशिकच्या पानावर आणि मुंबईच्या पानावर सारख्या शब्दांत क्वचितच येते. इकडे भाव ‘कोसळतात’, तिकडे कांदा ‘आवाक्यात येतो’. भाव चढला की शहरातल्या मथळ्यांत कांदा गृहिणींना रडवू लागतो आणि त्याच आठवड्यात निफाड-चांदवडकडच्या एखाद्या शेतकऱ्याला चाळीत राखून ठेवलेल्या उन्हाळ कांद्याचे चार पैसे हाती लागत असतात. क्विंटलमागचा आकडा दोन्हीकडे तोच असतो आणि खोटे कुणीच लिहिलेले नसते. ऑगस्ट २०२३ मध्ये केंद्राने कांद्यावर ४० टक्के निर्यातशुल्क लावले आणि त्याच वर्षी डिसेंबरात निर्यातच बंद केली, तेव्हा या निर्णयांना कुणी ‘दिलासा’ म्हटले, कुणी ‘हस्तक्षेप’, तर कुणी ‘घाला’. ‘माझे मत असे आहे’ हे शब्द लिहिण्याच्या कितीतरी आधी, शीर्षक सुचतानाच, लेखकाने आपण कुणाच्या अंगणात उभे आहोत ते सांगून टाकलेले असते.

एवढे ओळखायला मात्र फारशी विद्या लागत नाही. विशेषणे आणि क्रियापदे वेचून ‘हा लेखक अमुक बाजूचा’ असा शिक्का मारणे हा अलीकडे घरोघरी खेळला जाणारा खेळ झाला आहे आणि तो खेळणाऱ्याला आपण फार चिकित्सक असल्याचा भास होतो. खरी अडचण पुढची आहे. कोणत्याही बऱ्यापैकी वैचारिक लेखात एकटा लेखक बोलत नसतो. त्यात त्याचे विरोधक बोलतात, त्याला मान्य असलेले जुने अधिकारी बोलतात, ‘लोक’ बोलतात, क्वचित तो स्वतःच पंधरा वर्षांपूर्वीच्या स्वतःच्या मताला बोलायला लावतो. यांतले कोणते वाक्य कुणाच्या खाती जमा करायचे, हे न ठरवता आपण त्या लेखाशी सहमत होतो किंवा त्याच्यावर चिडतो. समाजमाध्यमांवर फिरणारी अर्धीअधिक ‘अमुक थोर माणूस असे म्हणाला’ छापाची अवतरणे त्या थोर माणसाने खोडून काढण्यासाठी मांडलेली असतात, असा माझा अनेकदा आलेला अनुभव आहे.

गंगापूर रोडवरच्या एका घरी रविवारी सकाळी आम्ही काही जण जमतो आणि एखादा लेख पेन्सिल घेऊन वाचतो. मी आयुष्यभर मराठी शिकवले. बाकीच्यांत बँकेतून निवृत्त झालेले एक गृहस्थ आहेत, दिंडोरीकडचे एक द्राक्ष बागायतदार आहेत आणि वकिलीच्या परीक्षेला बसलेली एक मुलगी आहे. पद्धत साधी आहे. लेखकाच्या स्वतःच्या विधानाखाली सरळ रेघ, दुसऱ्याच्या म्हणून सांगितलेल्या विधानाखाली नागमोडी रेघ आणि ज्या वाक्याचा धनी सापडत नाही त्याच्या समोर समासात प्रश्नचिन्ह. मग पाने एकमेकांशी ताडून पाहायची. रेघा कुठे जुळत नाहीत, तिथेच त्या सकाळची चर्चा होते.

मध्यंतरी गोदावरीच्या पात्रातल्या कुंडांच्या तळाचे काँक्रीट काढावे की राहू द्यावे, या नाशिकच्या जुन्या वादावरचा एक लेख आम्ही घेतला होता. लेख संयमाने लिहिलेला होता, दोन्ही बाजू दिल्याचा त्याचा दावा होता आणि वरवर पाहता तो खराही होता. त्यात अशा आशयाची दोन वाक्ये लागोपाठ होती: ‘काँक्रीटमुळे भाविकांना स्नानासाठी सपाट व सुरक्षित तळ मिळाला असून पर्वणीच्या गर्दीत त्याचे महत्त्व मोठे आहे. पात्रातले जिवंत झरे त्यामुळे बुजले, असे पर्यावरणप्रेमींचे म्हणणे आहे.’ आमच्यातल्या बहुतेकांनी पहिल्या वाक्यासमोर काहीच खूण केली नव्हती, कारण ते विधान आहे असेच कुणाला वाटले नव्हते; ती वस्तुस्थिती वाटली होती. वकिलीच्या मुलीने तिथे प्रश्नचिन्ह केले होते. तिचा मुद्दा असा की सुरक्षित तळाची गोष्ट हेही कुणाचे तरी म्हणणेच आहे, पण लेखकाने त्याचा धनी पुसून टाकला आणि झऱ्यांच्या गोष्टीला मात्र धनी चिकटवला. मग तिने तीच वाक्ये उलटी करून वाचून दाखवली: ‘पात्रातले जिवंत झरे काँक्रीटखाली बुजले आहेत. सपाट तळ स्नानासाठी सुरक्षित असतो, असे प्रशासनाचे म्हणणे आहे.’ माहितीत काडीचाही फरक नव्हता आणि लेखकाने मुक्काम मात्र पार पलीकडच्या काठावर हलवला होता. बागायतदार म्हणाले, “आणि त्या बिचाऱ्यांना ‘प्रेमी’ म्हटलंय, तिथंच निम्मं काम झालं. प्रेमात पडलेल्या माणसाचं कोण मनावर घेतं?”

त्या दिवसापासून मी वर्तमानपत्रातला कोणताही लेख वाचताना आधी हेच पाहतो, की लेखक कुणाच्या म्हणण्याला नाव देतो आणि कुणाचे म्हणणे बिननावाने, जणू सूर्य पूर्वेला उगवतो इतक्या सहजतेने सांगून जातो. ज्याला नाव दिले ते मत, ज्याला दिले नाही ते सत्य, अशी वाटणी लेखकाच्या मनात आपोआप झालेली असते. बहुधा त्यात लबाडी नसते. आपल्याला पटलेली गोष्ट ‘आपल्याला पटलेली’ आहे, याचा विसर पडणे हेच पटणे असते.

हा प्रश्न आपल्या परंपरेला नवा नाही. संस्कृत भाष्यग्रंथांत प्रतिपक्षाचे म्हणणे ‘ननु’ या अव्ययाने सुरू होते आणि बऱ्याचदा ‘इति चेत् न’ (असे म्हणाल तर, नाही) अशा शब्दांनी मोडीत निघते. मधल्या मजकुराला ना अवतरणचिन्हे असतात, ना वेगळा परिच्छेद. मधूनच पोथी उघडणाऱ्या नवख्या विद्यार्थ्याला आचार्य ज्याचे खंडन करायला निघाले आहेत तेच त्यांचे मत वाटावे, इतका तो पूर्वपक्ष, म्हणजे प्रतिपक्षाचा युक्तिवाद, ताकदीने उभा केलेला असतो. विषय, संशय, पूर्वपक्ष, सिद्धान्त आणि संगती असे अधिकरणाचे, म्हणजे एकेका मुद्द्याच्या चर्चेचे, पाच घटक सांगितले जातात आणि त्यांत पूर्वपक्षाला मिळालेली जागा ही मेहरबानी नसते. तो आधी पूर्ण बोलल्याखेरीज सिद्धान्ताला बोलण्याचा अधिकारच नाही, अशी ती शिस्त आहे. आजच्या लेखांत ‘काही जण असे म्हणतात’ असा जो पूर्वपक्ष येतो, तो इतका अशक्त असतो की त्याला हरवण्यात कसलाच पुरुषार्थ उरत नाही. आणि ते ‘काही जण’ प्रत्यक्षात कुठे भेटतही नाहीत.

पुढे जाऊन वेदवाक्यांचा अर्थ लावणाऱ्या मीमांसकांनी एखाद्या ग्रंथाचे तात्पर्य कसे ठरवावे याच्या सहा खुणा सांगून ठेवल्या: उपक्रम-उपसंहार (आरंभ आणि शेवट), अभ्यास (पुनरुक्ती), अपूर्वता (नवेपणा), फल (परिणाम), अर्थवाद आणि उपपत्ती (युक्तिवाद). लोकमान्य टिळकांनी १९१५ साली प्रसिद्ध झालेल्या ‘गीतारहस्या’त आरंभीच या खुणा सांगणारा श्लोक घेतला आहे, कारण त्यांच्यापुढचा प्रश्न हाच होता. गीतेवर प्रत्येक संप्रदायाचे भाष्य आहे, प्रत्येकाला त्यात आपलेच मत दिसते. मग स्वतः गीतेचे म्हणणे कोणते? ग्रंथ कुठून निघाला आणि कुठे पोहोचला हे आधी पाहा, असे त्यांचे म्हणणे. अर्जुन युद्ध नको म्हणून बसतो आणि शेवटी युद्धाला उभा राहतो. या दोन टोकांच्या मधला उपदेश संन्यासाचा कसा असेल, हा त्यांचा युक्तिवाद मान्य करा किंवा करू नका, पण तो ज्या पद्धतीने केला आहे ती पद्धत अग्रलेखालाही लावून पाहण्यासारखी आहे.

मला स्वतःला या सहांपैकी अर्थवाद सर्वांत उपयोगी वाटतो. मूळ मुद्दा मनावर ठसावा म्हणून केलेली स्तुती किंवा निंदा म्हणजे अर्थवाद आणि ती शब्दशः घ्यायची नसते. आपल्याकडचे बहुतेक वाद अर्थवादावरच झडतात. लेखकाने मुद्दा मांडला असतो भूजलाचा आणि रंगात येऊन एका वाक्यात पालिकेला कुंभकर्ण म्हटलेले असते; दुसऱ्या दिवसापासून चर्चा कुंभकर्णाची होते आणि भूजल जमिनीखालीच राहते. उलट बाजूने, लेखाची सुरुवात शेवटाशी ताडून पाहण्याची सवय लावली, तर पोकळ लेख चटकन हाती लागतात. प्रारंभी ज्या प्रश्नाने ते निघाले तो शेवटापर्यंत वाटेत कुठेतरी गळून पडलेला असतो आणि समारोप भलत्याच प्रश्नाचा झालेला असतो. अभ्यासाची, म्हणजे पुनरुक्तीची खूण मात्र जपून वापरावी लागते, कारण आजकाल लेखक एखादी गोष्ट तीनदा सांगतो ती कित्येकदा शब्दसंख्या भरण्यासाठी.

ज्या टिळकांनी तात्पर्यनिर्णयाचा हा श्लोक पुढे ठेवला, त्यांच्याच लेखनाचे तात्पर्य त्याआधी न्यायालयात ठरवले गेले होते. १८९७ च्या खटल्यात सरकारने पुढे केलेला मजकूर हा ‘केसरी’च्या १५ जूनच्या अंकातला होता: शिवराज्याभिषेकाच्या उत्सवातील भाषणांचा वृत्तान्त आणि ‘शिवाजीचे उद्गार’ ही टोपणनावाने छापलेली कविता. त्या कवितेत बोलतात ते शिवाजी महाराज. आपण कष्टाने उभे केलेले राज्य आज कोणत्या दशेला आले, हे पाहून ते व्यथित होतात. वृत्तान्तात बोलतात ते निरनिराळे वक्ते. संपादक म्हणून टिळकांची जबाबदारी होती हे खरे, पण ते मत त्यांचे होते का? नऊ जणांच्या ज्यूरीने सहा विरुद्ध तीन अशा मताने त्यांना दोषी ठरवले आणि न्यायमूर्ती स्ट्रॅची यांनी अठरा महिन्यांची सक्तमजुरी सुनावली. पात्राच्या तोंडचे वाक्य लेखकाच्या, आणि लेखकाचे वाक्य संपादकाच्या खाती कधी जमा करायचे, या प्रश्नाला त्या दिवशी मिळालेले उत्तर पुढच्या काळातल्या सगळ्या देशी संपादकांना पाठ करावे लागले असणार.

नाशिकमध्ये बारा वर्षांनी तेच घडले आणि अधिक कठोरपणे. बाबाराव सावरकरांवर ‘लघु अभिनव भारत माला’ या छोट्या काव्यपुस्तिकेबद्दल खटला झाला आणि १९०९ साली त्यांना जन्मठेप काळ्या पाण्याची शिक्षा झाली. त्या कवितांत देवादिकांची नावे होती, शिवाजी महाराजांसारख्या वीरांची नावे होती, आणि चालू सरकारचा उल्लेख सरळ नावाने करण्याचे टाळले होते. उच्च न्यायालयाने शिक्षा कायम करताना घेतलेली भूमिका थोडक्यात अशी की ही नावे केवळ निमित्त आहेत, सांगायचे आहे ते परके राज्य शस्त्राने उलथवा हे. बाबारावांना सत्र न्यायालयाकडे पाठवणारे जिल्हाधिकारी जॅक्सन यांचा त्याच वर्षी २१ डिसेंबरला विजयानंद नाट्यगृहात खून झाला, हा पुढचा इतिहास नाशिककरांना सांगायला नको.

या प्रकरणावर आमच्या रविवारी बरीच खडाजंगी झाली, कारण मी तिथे एक अप्रिय गोष्ट बोललो. माझ्या मते वाचक म्हणून त्या न्यायाधीशांचे चुकले नव्हते. पुराणातला असुर आणि आजचा राज्यकर्ता एकच आहे, हे ज्यांच्यासाठी कविता लिहिल्या त्यांना कळत होते. ते कळावे म्हणूनच त्या लिहिल्या होत्या. त्यांत राजद्रोह नव्हताच असे आज म्हणणे म्हणजे त्या कवीच्या धैर्यातली हवा काढून घेणे आहे. अन्याय वाचनात नव्हता, तो कायद्यात होता आणि काही कवितांसाठी माणसाला अंदमानात पाठवणाऱ्या सत्तेत होता. बँकेतल्या गृहस्थांना हे रुचले नाही. त्यांचे म्हणणे, आरोपीच्या बाजूने जो अर्थ निघू शकतो तोच धरायला हवा. न्यायालयासाठी ते मला पूर्ण मान्य आहे. वाचकाने मात्र लेखकाला शिक्षेपासून वाचवण्यासाठी त्याचा अर्थ बोथट करू नये, कारण वाचकाच्या हाती शिक्षा नसतेच.

पारतंत्र्यातला लेखक आपले मत दुसऱ्याच्या तोंडी ठेवतो त्याला कारण आहे. पण सगळ्यांनी तसे केले नाही. महात्मा फुले यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ संवादरूपाने लिहिली, तेव्हा उत्तरे देणाऱ्या पात्राला चक्क स्वतःचेच नाव दिले. संवादात लेखक कोण हा प्रश्न तिथे उरतच नाही, आणि प्रश्नकर्ता वाचकाच्या मनातल्या शंका विचारत असल्यामुळे पूर्वपक्षाचे कामही होऊन जाते. जुन्या अग्रलेखांतला ‘आम्ही’ याच्या अगदी उलट टोकाचा. ‘केसरी’चे पहिले संपादक आगरकर, सामाजिक सुधारणेवरून टिळकांशी मतभेद वाढत गेले, १८८७ मध्ये ते बाहेर पडले आणि पुढच्या वर्षी त्यांनी ‘सुधारक’ काढला. त्याआधीच्या काळातल्या निनावी ‘आम्ही’मध्ये नेमके किती जण आणि कोणत्या मताचे होते, हे शोधत बसणे हा अभ्यासकांचा छंद आहे, सामान्य वाचकाला त्या काळी तो ‘आम्ही’ एकमुखीच वाटला असणार.

आजच्या ‘दोन्ही बाजू’वाल्या लेखांबद्दल माझे मत फारसे चांगले नाही. लेखकाने मत सांगू नये, फक्त बाजू मांडाव्यात आणि निर्णय वाचकावर सोडावा, हे ऐकायला सभ्य वाटते. पण बाजू कोणत्या, त्या किती, आधी कोणती आणि शेवटचा शब्द कुणाला, हे लेखकच ठरवत असतो. शेवटचा शब्द ज्याला मिळाला त्याची बाजू वाचकाच्या कानात घुमत राहते. उघड पक्षपाती लेखकाशी निदान भांडता तरी येते. निःपक्षपातीपणाची वस्त्रे पांघरून बसलेल्या लेखकाशी भांडायला गेले की तो म्हणतो, मी कुठे काय म्हणालो? याला अपवाद असतात. ज्याला खरोखर ठरवता आलेले नाही असा लेखकही असतो, आणि तो ओळखू येतो: तो दोन्ही बाजूंच्या सर्वांत भक्कम मुद्द्यापाशी थांबतो, कच्च्या मुद्द्यांपाशी रेंगाळत नाही.

प्रतिपक्षाशी प्रामाणिकपणे वागण्याचा मला माहीत असलेला सर्वांत कडक नमुना डॉ. आंबेडकरांचा आहे. लाहोरच्या जात-पात तोडक मंडळाने १९३६ मध्ये रद्द केलेल्या अधिवेशनासाठी लिहिलेले ‘जातिनिर्मूलना’चे भाषण त्यांनी स्वखर्चाने छापले, गांधीजींनी ‘हरिजन’मधून त्यावर टीका केली आणि १९३७ च्या दुसऱ्या आवृत्तीत आंबेडकरांनी ती टीका आपल्याच पुस्तकात छापून मग तिला उत्तर दिले. ‘गांधीजींचे म्हणणे थोडक्यात असे’ म्हणून दोन ओळी सांगता आल्या असत्या. त्यांनी प्रतिपक्षाला त्याच्याच शब्दांत बोलू दिले. कोणते वाक्य कुणाचे, याबद्दल त्या पुस्तकाच्या वाचकाला कधीच शंका येत नाही.

पण आमच्या पेन्सिलींची खरी कसोटी लागली ती त्यांच्याच दुसऱ्या एका कागदावर आणि तो तर थेट नाशिकचा. काळाराम मंदिराचा सत्याग्रह २ मार्च १९३० ला सुरू झाला. चार वर्षांनी, ३ मार्च १९३४ च्या पत्रात, आंबेडकरांनी आपले नाशिकचे सहकारी दादासाहेब गायकवाड यांना मंदिरप्रवेशाचा लढा आता पुढे ढकलू नका, थांबवाच, असे कळवले. अस्पृश्यांनी मूर्तिपूजक व्हावे किंवा मंदिरात गेल्याने ते हिंदू समाजात समान होतील असे वाटून आपण हा लढा सुरू केलाच नव्हता. त्यांच्यात चैतन्य आणावे, त्यांना आपल्या स्थितीची जाणीव व्हावी, यासाठी तो मार्ग उत्तम वाटला. ते काम झाले आहे, आता शक्ती राजकारणावर आणि शिक्षणावर लावावी, असा त्या पत्राचा आशय आहे. बागायतदारांना हे पत्र लागले. त्यांच्या आजोबांच्या पिढीतली माणसे या सत्याग्रहाच्या आठवणी सांगत असत, आणि त्यांचा प्रश्न रास्त होता: ज्यांनी मार खाल्ला त्यांना हे आधी का सांगितले नाही? दाराशी मागणी एक आणि मनात मत दुसरे, असे होते का?

मुलीने मग सत्याग्रहाच्या प्रारंभीच्या नाशिकच्या भाषणाचा आशय काढून समोर ठेवला. मंदिरात प्रवेश मिळाल्याने आपले सारे प्रश्न सुटणार नाहीत. ते राजकीय, सामाजिक, धार्मिक, आर्थिक आणि शैक्षणिक आहेत. हा सत्याग्रह म्हणजे माणसाला माणूस म्हणून वागवायला हिंदू मन तयार आहे का, याची परीक्षा आहे, असे आंबेडकर त्या जमलेल्या लोकांसमोरच म्हणाले होते. म्हणजे १९३४ चे पत्र १९३० च्या भाषणापासून फार लांब नाही. परीक्षा घेणाऱ्याने निकाल लागल्यावर परीक्षा थांबवली. भाषणात मागणी मंदिराच्या दाराकडे तोंड करून केलेली आहे आणि मत समोर बसलेल्या आपल्या माणसांना सांगितलेले आहे. दोन्ही एकाच भाषणात, एकमेकांना लागून. बँकेतले गृहस्थ म्हणाले, मग इतकी वर्षे आम्ही हा केवळ मंदिरप्रवेशाचा लढा म्हणूनच का वाचत आलो? त्यावर बागायतदारांनी आपल्या पानावरची नागमोडी रेघ खोडून तिथे सरळ रेघ मारली आणि पुढच्या वेळी येवल्याचे १९३५ चे भाषण घ्यायचे, असे त्यांनीच ठरवून टाकले.